बॅनरमधला फोटो

"टकटक करतीय," हार्ड डिस्क कानाशी धरून धम्मप्रिया म्हणाली. "हिचे दिवस भरलेत, ताई. जेवढं निघेल तेवढं काढून घेऊ."

मायाक्काचा चेहरा उतरला. "मला सगळं नगंच. एकच फोटू पायजे. पुढल्या आठवड्यात ह्यांचं पयलं पुण्यस्मरण हाय."

दिराच्या, गुरूच्या मोटारसायकलवर बसून ती होटगीहून सोलापुरात धम्मप्रियाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आली होती. घरचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून सगळी वाट तिनं मांडीवर धरला होता. नवरा वीरभद्रप्पा गेल्या वर्षी बारा मार्चला विहिरीत मोटार सोडताना पाय घसरून गेला. खिशातला मोबाइलही त्याच्याबरोबरच बुडाला. आता लहानगी पायल विचारते, पप्पा हसायचे कसे? वीरभद्रप्पा फोटोला उभा राहिला की गंभीर व्हायचा. हसतानाचा एकच फोटो होता, आणि तो या डिस्कमध्ये अडकला होता.

"वैनी, रडू नगा की. ताई काढतील," गुरू म्हणाला. त्याचेच डोळे भरले होते.

गुरू घरी बसून फ्लेक्सची डिझाइनं करायचा. बाकीचे डिझाइनवाले ऐन वेळी तोंडाला फेस येईस्तोवर पळतात. याचं तसं नाही. वाढदिवस असो की जत्रा, बॅनर दोन-तीन दिवस आधीच तयार. गावात त्याच्या या शिस्तीचं फार कौतुक होतं.

धम्मप्रियानं डिस्क आपल्या मशीनला जोडली. थोडं वाचायचं, बंद करायची, गार होऊ द्यायची, पुन्हा लावायची. असल्या डिस्कवर घाई केली की संपलंच. तासाभरानं फायली दिसू लागल्या.

"हा बघा केक. कुणाचा वाढदिवस? दहा मार्च."

"पायलचा! दहालाच असतो की." मायाक्का हसली आणि लगेच बोटांवर दिवस मोजू लागली. "दोन दिसांनी हे गेले."

"म्हणजे तारखासुद्धा जशाच्या तशा आहेत." धम्मप्रियाला हुरूप आला.

पण हवा तो फोटो उघडला तेव्हा कपाळाखाली सगळा करडा पट्टा होता. डोळे नाहीत, हसू नाही.

"च्या आनतो," म्हणून गुरू बाहेर पडला. त्याला ते बघवेना.

"ताई, बॅनरवर ह्योच फोटू हुता!" मायाक्काला एकदम आठवलं. "श्रद्धांजलीच्या. त्यो आता उनानं पांढरा पडलाय, सरपणावर झाकलाय. पन गुरूनं ह्याच कॉम्प्युटरवर केल्ता. भाऊ असावा तर असा. ह्यांना अजून दवाखान्यातनं घरी आनलं नव्हतं, तवर चौकात बॅनर लागलाबी!"

बॅनरची फाइल शोधायला वेळ लागला नाही. धम्मप्रियानं भीतभीतच ती उघडली.

झेंडूच्या हारात वीरभद्रप्पा दात दाखवत हसत होता. अख्खाच्या अख्खा. मायाक्कानं त्याच्या गालावर बोट ठेवलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. वर्षभरात प्रथमच ते आनंदाचं रडं होतं.

"भावपूर्ण श्रद्धांजली," डोळे पुसत तिनं वाचलं. "दुःखद निधन, बारा मार्च. कसं नीट लिवलंय बगा त्यानं."

धम्मप्रियालाही भरून आलं. फाइल पेनड्राइव्हवर घेण्याआधी तिनं नेहमीच्या सवयीनं तिची माहिती तपासली. तिनं पुन्हा वाचलं. मग केकचा फोटो बघितला, आणि पुन्हा तेच वाचलं.

दारात चहाचे तीन कप घेऊन गुरू उभा होता. "घावला का फोटू?"

बॅनर शेवटचा सेव्ह झाला होता नऊ मार्चला, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.