टोपलीला बांधलेली चिठ्ठी

या, असे पुढे सरकून बसा. आज टाळ नाहीत, मृदंग नाही, नुसती गोष्ट आहे. लाजेची आहे, म्हणून जरा हळू आवाजात सांगावी लागेल.

"अहो, आपणच का ते यजमान?" टोपली घ्यायला आलेल्या दीनानाथरावांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. एका हातात बांबूची टोपली, दुसऱ्या हातात तिला सुतळीनं बांधलेली छापील चिठ्ठी.

महिपतीनं मान हलवली. बिबवेवाडीतल्या मंगल कार्यालयात प्रदर्शन लागलं होतं. टोपल्यांचा भारा त्यानं नुकताच खांद्यावरून उतरवला होता आणि बायकोच्या मागे, भिंतीला टेकून तो उभा होता.

"मग आता दारू सोडा की. बायकोनं विणायचं आणि आपण प्यायचं. वाटणी छान आहे!"

शेजारी टोपल्या मांडणाऱ्या वासंतीबाईंचा हात जागच्या जागी थांबला. ती चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती.

वासंतीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. कीर्तन म्हटलं की भाजी गॅसवर विसरणाऱ्या. मावळातल्या ठाकरवाडीतली यमुनाबाई अशी टोपली विणायची की तीत राळ्याचा दाणा ठेवला तरी गळणार नाही. या बाईचा स्वतःचा धंदा उभा राहावा म्हणून वासंतीबाई दोन वर्षं झटत होत्या. एसटीनं वाडीवर जाऊन त्यांनी कामाची माहिती वहीभर उतरवून आणली होती. पण पहिल्या प्रदर्शनात एकही टोपली हलली नाही. लोक हातात घ्यायचे, वाखाणायचे आणि म्हणायचे, "प्लॅस्टिकची बरी हो, धुता येते."

तेव्हा बाईंना कीर्तन आठवलं. पूर्वरंगात उपदेश ऐकून लोक नुसत्या माना डोलावतात. उत्तररंगात आख्यान रंगतं, कुणा राणीवर वनवास ओढवतो, बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात, आणि मगच आरतीचं ताट भरतं. बाईंनी यमुनाबाईचं आख्यान रचलं. लेकरं उपाशी. चूल थंड. नवरा दारुडा. नवरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्या जायच्या तेव्हा तो डोंगरात असायचा. पण आख्यानाला दुष्ट कुणीतरी लागतोच. चिठ्ठ्यांचा गठ्ठा छापून त्यांनी वाडीवर धाडला. यमुनाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या कामाची माहिती आहे हो." त्यानंतर टोपल्या दुपारपर्यंत संपू लागल्या. देवानंच सुचवलं, असं बाई मनापासून मानत होत्या.

आज त्यांनी महिपतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. जुनी, घामानं काळी पडलेली. माळकरी म्हणजे थेंबालाही न शिवणारा माणूस. देवळात असा कुणी दिसला, तर वासंतीबाई आधी वाकून नमस्कार करायच्या.

महिपतीनं दोन बोटांनी माळ उचलली आणि सदऱ्याच्या आत सरकवली. बोल आपल्याला लागला तर लागू दे, माळेला नको.

बाईंना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

यमुनाबाईनं ते पाहिलं. हातातली टोपली तिनं खाली ठेवली. "बाई, ती चिठ्ठी जरा मोठ्यानं वाचा बरं."

"आत्ता? गिऱ्हाईक आहे, मग..."

"आत्ताच वाचा."

बाईंनी दुसऱ्या टोपलीची चिठ्ठी हातात घेतली. जे लिहिलं आहे तेच वाचावं, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. आज त्यांची नजर कागदावर होती आणि तोंडून येत होतं ते त्या कागदावर नव्हतं, वहीत होतं.

"ही टोपली यमुनाबाईंनी विणली आहे," त्या अडखळत म्हणाल्या. "बांबू... बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला, की त्याला कीड लागत नाही. म्हणून त्यांचे यजमान तेव्हाच डोंगर चढतात. कोवळा सोडतात, जून तेवढाच घेतात. खांद्यावरून दोन कोस आणतात. मग यमुनाबाई कोयत्यानं त्याच्या कामट्या काढतात. प्रत्येक कामटी नखावर वाकवून बघतात. ही विद्या त्यांना सासूनं दिली. हिच्यात खिळा नाही, डिंक नाही. दोन माणसांचे कष्ट तेवढे आहेत."

दीनानाथराव आपल्या हातातल्या चिठ्ठीवर बोट फिरवत होते. ओळ काही सापडेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं. टोमणा ओठांवर आला असावा. मग नजर भिंतीला टेकलेल्या माणसाकडे गेली. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"एवढंच आहे," बाई म्हणाल्या. मान वर होईना.

यमुनाबाई जवळ आली आणि त्यांच्या हातातली चिठ्ठी हळूच काढून घेतली.

"लई ब्येस लिवलंय. आता हेच छापा, बाई," ती म्हणाली. "दिवाळीत आमच्या लेकीनं, ऋतुजानं, घरी जी चिठ्ठी वाचून दावली, ती दुसऱ्याच कुणाच्या टोपलीची असंल. ह्यांनीबी ऐकली व्हती ती."

तर मंडळी, वासंतीबाईंना बोल लावू नका. तो त्यांनी स्वतःला जन्मभर पुरेल इतका लावून घेतला. कधी बांबूची टोपली हातात घ्याल, तेव्हा एवढं करा, महिपतीला आठवा. त्या दिवशीच्या टोपल्यांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या, त्या सगळं ऐकूनसवरून त्यानंच.