साहेबाचे दात

टेबलावर साहेबाची पाठ मांडली होती. मानेपासून शेपटापर्यंत, एकेक मणका ओळीने.

साहेब म्हणजे वीटवाल्याचं गाढव. बाकीची गाढवं चालायला लागली तरी हा आपल्या मर्जीने, सगळ्यांच्या शेवटी उठायचा, म्हणून भट्टीवरच्या लोकांनी त्याला हे नाव दिलं होतं. म्हातारा होऊन तो मेला, तेव्हा संग्रहालयातल्या बाई स्वतः वीटवाल्याच्या दारात आल्या होत्या. खोदकामात निघालेली जनावरांची हाडं तपासणं हे त्यांचं काम. जमिनीखाली गेलेल्या एका जुन्या घराजवळ त्यांना गाढवाचा सांगाडा मिळाला होता. ते गाढव कसं जगलं, काय खात होतं, हे समजायला आजचं एखादं कष्टाचं गाढव शेजारी ठेवून बघायला हवं होतं. तेव्हापासून भट्टीवर त्यांना ‘हाडांच्या बाई’ म्हणत.

वीटवाल्याने आढेवेढे घेतले नव्हते. “न्या,” एवढंच म्हणाला होता. “पण साफ झाला की मला एकदा बघू द्या.”

म्हणून आज तो धुतलेले कपडे घालून आला होता. बायकोही सोबत होती. ती दाराशीच थांबली. एवढ्या लखलखीत फरशीवर पाऊल कसं टाकावं, तिला कळेना.

“हाच?” त्याने विचारलं.

“हाच.”

“केवढासा दिसतोय.” तो टेबलाच्या कडेकडेने चालत गेला आणि पाठीच्या मध्यावर थांबला. तिथले मणके सुटे नव्हतेच. मेण ओघळून थिजावं तसं हाड वाढून ते एकमेकांत जुळून गेले होते. “हे असं का झालंय?”

बाईंनी सावकाश हातमोजे काढले. वयामुळे, असं म्हणून सुटता आलं असतं. ते अगदीच खोटं ठरलं नसतं. पण तो त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

“थोडं वयाचं आहे,” त्या म्हणाल्या. “पण जास्त ओझ्याचं आहे, काका. जिथे भार यायचा, नेमकं तिथेच आहे.”

“मी जास्त लादत नव्हतो,” तो पटकन म्हणाला. “विचारा भट्टीवर कोणालाही. दुसरे लोक लादतात ते बघाल तर...” जुळलेल्या मणक्यांवर त्याने तळवा ठेवला, जिवंत पाठीवर ठेवावा तसा. “दुखत असेल?”

“हो.”

“बरेच दिवस?”

“काही वर्षं तरी.”

तो स्टुलावर बसला. बाहेर कोणीतरी नळ सोडला होता, बादली भरल्याचा आवाज येत होता. बायको आत आली. नवऱ्याकडे न बघता ती सरळ टेबलाच्या टोकाशी, साहेबाच्या डोक्याकडे गेली.

“मला तुम्हाला एक विचारायचंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी खालचा जबडा उचलून त्या दोघांना दाखवला. “याच्या दातांवर कीट होतं. आपल्या दातांवर बसतं ना, तसंच. जे खाल्लं त्याचे बारीक कण त्यात अडकून राहतात, आणि हजारो वर्षं टिकतातही. मी ते खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. गवत निघालं, भुसा निघाला. आणि शिजवलेलं धान्य निघालं.”

“शिजवलेलं?” वीटवाल्याने मान वर केली.

“कच्च्या धान्याचा कण घट्ट असतो. शिजला की फुगतो, फुटतो. मला वाटलं, माझ्याच डब्यातलं काही सांडलं की काय! म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. आणि गंमत बघा, त्या जमिनीखालच्या गाढवाच्या दातांवरही हेच आहे. आम्ही असं धरून चाललोय की घरातलं उरलंसुरलं त्याला घालत असणार. तुम्हीही तसंच करत होतात का?”

वीटवाला हसला. “आमच्याकडे उरायचं कुठे, बाई? पातेलं निपटून खाणारी माणसं आम्ही. तुम्ही दुसऱ्याच कुठल्या गाढवाचे दात घेतलेत.”

“नाही हो. साहेबाचेच आहेत.”

तो आणखी काही बोलणार होता, तेवढ्यात त्याचं बायकोकडे लक्ष गेलं. बाईंच्या हातातल्या जबड्यावरून ती एक बोट फिरवत होती. दात झिजून पार हिरडीच्या रेषेला आले होते.

“संध्याकाळी आला की भिंतीला अंग टेकून उभा राहायचा,” ती म्हणाली. “चारा तोंडात घोळवायचा आणि टाकून द्यायचा. तुम्ही आल्याआल्या आडवे व्हायचात. तुम्हाला कुठे दिसणार?”

“मग?”

“मग काय. द्यायची मी थोडं, मऊ कालवून.”

“म्हणजे उरलेलंच ना, काकू?” बाईंनी विचारलं.

“उरलेलं नव्हतं ते.”

वीटवाला उठून उभा राहिला. इतकी वर्षं घरात वावरणाऱ्या बायकोकडे तो असा बघत होता, जणू ती आत्ताच कुठल्या लांबच्या गावाहून आली आहे.

“अगं, मग तू काय खायचीस?”

“मला कुठे विटा वाहायच्या होत्या!” ती म्हणाली.