मऊ लाडू

सासूबाईंची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पुण्याच्या दिरांनी उन्हाळ्यातला एक रविवार परस्पर ठरवला. “आई, वाढदिवसाला कुठं जायचं?” “माहेरी, पासलीला. भाऊ लई थकलाय.” दात पडलेल्या भावाला खाता येतील असे मऊ लाडू त्यांनी स्वतः वळले आणि फडक्यात बांधले. रविवारी जीप कापूरहोळच्या फाट्यावर भोरकडं वळली. “अवं भावजी, पासली तिकडं ऱ्हायली!” मी ओरडले. “वहिनी, तिथं पोरं कंटाळतील. भाटघरच्या धरणावर खेळतील तरी.” सगळे पाण्यात उतरले, सासूबाई गाठोडं मांडीवर घेऊन चपला राखत बसल्या. भुकेल्या पोरांनी येऊन तेच सोडलं. “आजी, लाडू किती मऊ गं!” दिरांनीही दोन खाल्ले. शेवटचा अर्धा नातवानं आजीच्या तोंडाशी धरला. त्यांनी तो फडक्यात ठेवून गाठ मारली आणि मला विचारलं, “पोरी, हितनं पासलीला यष्टी हाय का?”