बदकाचा अर्थ

“आणि लंगडं गाढव?” फादरांनी विचारलं.

“प्रभूला पाठीवर घेऊन शहरात आलं, तेच ते,” आत्या ठसक्यात म्हणाली. “जगाचं ओझं वाहायचं म्हटल्यावर लंगडणार नाही तर काय!”

पलंगाशेजारी उभ्या असलेल्या भाचीने हळूच श्वास सोडला. आत्याच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, पण जीभ अजून कामावर होती. आज सगळी भिस्त त्या जिभेवर होती.

नव्या फादरांनी नाताळच्या प्रार्थनेतून पाहुण्यांचं गाणं काढून टाकायचं ठरवलं होतं. गाणं तसं साधंच. थंडीच्या रात्री एका घराचं दार वाजतं, एकेक जनावर आत येतं आणि घर भरून जातं. त्यात ना प्रभूचं नाव, ना गव्हाण. पण ते दुसरीकडे कुठेच कोणी म्हणत नव्हतं. इथे थांबलं की कायमचं थांबलं. गायकवृंद सांभाळणाऱ्या भाचीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“वरवर पाहू नका, फादर,” तिने त्यांना गळ घातली होती. “धर्मावर बंदी होती तेव्हाचं गाणं आहे ते. लेकरांना शिकवण मिळावी म्हणून सगळं जनावरांत दडवलंय. माझ्या आत्याला विचारा, तिला एकूण एक अर्थ माहीत आहेत.” तिला स्वतःला ते आत्यानेच सांगितले होते आणि वृंदातल्या मुलांना ती तेच सांगत आली होती. फादरही जिज्ञासू निघाले. खुर्ची ओढून समोर बसले आणि एकेक पाहुणा विचारू लागले.

“कोंबडी?”

“पंखाखाली घेते ना? तो तारणारा. बारा पिल्लं म्हणजे बारा शिष्य. एक वाट चुकतं, ते कोण ते मी तुम्हाला सांगायला नको.”

“काजवा?”

“पूर्वेचा तारा.”

फादर आता पुढे सरकून ऐकत होते. भाचीला वाटलं, जिंकलो आपण. शेवटचा पाहुणा तेवढा राहिला होता आणि त्याची उत्सुकता फादरांपेक्षा तिलाच जास्त होती. लहानपणापासून ती आत्याला बदकाचा अर्थ विचारत आली होती. दरवेळी एकच उत्तर मिळे, मोठी झालीस की सांगेन. आता तिचे केस पिकायला लागले होते.

“उलटे बूट घालून येणारं बदक,” फादर म्हणाले. “ते तीनदा शिंकतं. त्याचं काय?”

आत्या थोडी घुटमळली. “तीन म्हणजे... पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.”

“शिंकतात?”

आत्याने सारवासारव करायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मग तिला हसूच आलं. “जाऊ द्या, फादर. बदक म्हणजे बदक. त्याचा अर्थ मला कधी जुळवताच आला नाही.”

“जुळवता?” भाचीने विचारलं. “म्हणजे बाकीचे...”

“मीच जुळवले. गाढव, कोंबडी, सगळे. ती बंदीची गोष्टसुद्धा माझीच.”

भाचीला कुठे पाहावं कळेना. इतकी वर्षं मुलांना सांगितलेलं सगळं खोटं होतं, आणि ते उघडं पाडायला फादरांना तिनेच हाताला धरून आणलं होतं. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. “का गं, आत्या? देवाच्या नावावर एवढी थाप?”

आत्याने तिचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

“तुझी आई गेली आणि तू बोलणंच टाकलंस. डॉक्टर झाले, नवस झाले, तुझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या नाताळला तुला मांडीवर घेऊन चर्चमध्ये बसले होते. बदक शिंकलं आणि तू खुदकन हसलीस. ‘पुन्हा’ म्हणालीस. आणि त्याच संध्याकाळी तेव्हाचे फादर मला म्हणाले, पुढच्या वर्षी हे गाणं नको, यात देव नाही.”

फादरांनी खुर्ची आणखी जवळ घेतली.

“बदकापासून सुरू करा,” ते भाचीला म्हणाले. “मागून मी म्हणतो.”