तळातले ठोके

बुडालेल्या बोटीचा शोध आता थांबवणार होते. चांगुणा बंदरावरच्या खोलीत घुसली आणि तिने इंजिनिअरच्या कानावरचा हेडफोनच ओढून घेतला. समुद्राच्या तळाशी बसवलेल्या यंत्रांचे आवाज त्यात येत होते.

ठक-ठक... ठक.

“सुटलेली साखळी आपटतेय, ताई.”

“साखळी नाय, माझा नवरा हाय! मासळी जाळ्यात हाकताना पोशा फळीवर असाच ठोकतो. कुठल्या यंत्रात मोठ्यानं येतंय, ते बघा!”

“सहाव्यात,” पडद्यावरच्या रेषा बघत इंजिनिअर म्हणाला. बोटीच्या केबिनमध्ये हवा कोंडली असेल का? त्याने घाईने वायरलेस उचलला. पाणबुडे तिकडे वळले.

ठोके मंदावले. मग थांबलेच. इंजिनिअरने मान खाली घातली. चांगुणाने हेडफोन सोडला नाही. जाळं हाताला लागलं की पोशा शेवटचा एकच ठोका मारायचा.

ठक्क!

“पाणबुड्यांच्या हाताला लागला,” म्हणत तिने हेडफोन इंजिनिअरला परत दिला.