रोजचे चणे

कवळीच्या आतून तिनं चिमट्यानं चण्याचं साल ओढून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"बाबा, हे काय आहे?"

बाबा समोरच्या खुर्चीत बसले होते. कवळी तिच्या हातात असल्यानं त्यांचे गाल आत गेले होते. एरवीपेक्षा जास्तच आत. "असेल काहीतरी," ते तोंडावर रुमाल धरून म्हणाले.

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. ही कवळी तिनंच बनवली होती, आई असताना. तेव्हा ती घट्ट बसली होती. आई गेली आणि कवळी आधी टोचायला लागली, मग सैल झाली, मग हिरडीला जखम झाली. दर वेळी ती जरा घासून द्यायची आणि मऊ खात जा म्हणून बजावायची. आज तिनं रजा टाकली होती आणि हत्यारांची पेटी घेऊन बाबांच्या घरीच आली होती. माणूस वाळला की हिरडीही वाळते, एवढं तिला धंद्यामुळे कळत होतं. बाबा वाळत चालले होते. का, ते कळत नव्हतं.

तिनं उठून फ्रिज उघडला. टोमॅटोच्या रश्शात पातेलंभर चणे. ओट्यावर आणखी भिजत घातलेले.

हे तर तिचेच चणे. दूध, लोणी, अंडी, मध, जनावरांकडून येणारं सगळं तिनं सोडलं तेव्हा आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "दूध सोडलंस, लोणी सोडलंस, आता आम्हाला कधी सोडतेस तेही सांग!" तिनं हौसेनं केलेल्या चण्यांना बाबा घोड्याचा खुराक म्हणाले होते.

"तुम्हाला हे घोड्याचं खाणं वाटायचं ना?"

"अजूनही वाटतं."

"मग?"

बाबांनी रुमालाची घडी घातली, मोडली. "तुझी आई रोज फोन करून विचारायची, आज काय केलंस म्हणून. आठवतं? तू सांगायचीस आणि फोन ठेवल्यावर ती इथं तेच करायची. तू भोपळा म्हणालीस की आमच्याकडे भोपळा. मी कुरकुरलो की म्हणायची, पोरगी तिकडे एकटी जेवते, निदान ताटात तरी सोबत असू दे."

"मला कधी बोलली नाही."

"सांगून तुझा तोरा वाढवायचा होता की काय?" बाबा हसले. नुसत्या हिरड्यांचं हसू. "आता फोन मी करतो. तू म्हणतेस, तेच. तेच म्हणजे तुझे नेहमीचे चणे. मग इथंही तेच. लोकांचं कसं, दात असतात तेव्हा चणे नसतात. माझ्याकडे चण्यांना तोटा नाही."

घोडं इथं पेंड खात होतं तर.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. आई गेल्यापासून तिनं चणे शिजवले नव्हते. काहीच शिजवलं नव्हतं. संध्याकाळी ती उभ्या उभ्या पावाला जॅम लावायची आणि खिडकीतून खाली बघत खायची. 'तेच' हा शब्द तिनं सोयीचा म्हणून धरला होता. त्यापुढे कुणी काही विचारत नाही. रोज ती एवढं बोलून फोन ठेवत होती आणि इकडे एक म्हातारा माणूस चणे भिजत घालत होता. जखम कुठे होते आहे ते ती कवळीत शोधत राहिली. जखम तिच्या जिभेनं केली होती.

सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंही. मग तिनं हात धुतले आणि भाजीची टोपली ओढली.

टोपलीत भोपळ्याची एक फोड होती, पालकाची जुडी होती. बरणीत शेंगदाणे सापडले. तिनं भोपळा वाफवायला ठेवला, शेंगदाणे भाजून बारीक वाटले. हात सरावाचा राहिला नव्हता. तेल फार तापलं आणि लसूण काळा पडला.

"लसूण जळला," बाबा खुर्चीतूनच म्हणाले.

"मला नाक आहे, बाबा."

तिनं ते तेल फेकलं आणि पुन्हा सुरुवात केली. आलं, बारीक चिरलेला पालक, घोटलेला भोपळा, दाण्याचं वाटण, शेवटी लिंबू. असं काही तिनं आधी कधी केलं नव्हतं. कुठे पाहिलंही नव्हतं. पळी फिरवताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला भूक लागली आहे. त्याचीही तिला लाज वाटली.

बाबांनी कवळी मागितली नाही. पहिला घास त्यांनी तोंडात घोळवला, गिळला आणि दुसरा घेतला. मग वाडगा पुढे केला. तिनं पुन्हा वाढलं. तिनंही खाल्लं, बसून, पोटभर.

"उद्यापासून रोज वेगळं काहीतरी सांगेन फोनवर," ती खाली बघत म्हणाली. "शप्पथ."

"सांगू नकोस. कर."

तिचा हात थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू बोलतेस तेव्हा मागे एक भांडं वाजत नाही, ठमे. बाप आहे मी, बहिरा नाही."

"मग ते चणे कशाला गिळत बसलात?"

बाबांनी वाडग्याच्या कडेचं उरलंसुरलं बोटानं पुसून घेतलं.

"तुझ्या आईनं तुला चांगलं फैलावर घेतलं असतं. मला ते जमत नाही. म्हटलं, पोरीचं बोलणं निदान एका घरी तरी खरं असू दे."