सासरचा मुराळी

निकितानं चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि ओसरीच्या फरशीवर नदी काढली. वाकडीतिकडी, पार उंबऱ्यापर्यंत.

"हे आपलं गाव, डोंगरावर. हितून नदी घळीत उतरती. दोन्ही अंगाला ह्ये उंच कडे, आन् काठाकाठानं रस्ता. सगळा उतार, आत्याबाई! पायडल मारायचं कामच न्हाई."

पिठानं माखलेले हात तसेच धरून तिची सासू, धुरपताबाई, वाकून बघत होती. पन्नाशी उलटल्यावर ती यंदा खळ्यात सायकल शिकली, तीही सुनेकडून. किती वेळा आपटली ते विचारू नका. पण आता सायकलीपेक्षा तिला घंटीचंच वेड. समोर कोंबडी आली तरी वाजवायची.

"लय भारी गं! आन् माघारी? चढ हाय की सगळा."

"माघारी सायकल चालवायचीच न्हाई. पालमचा स्टँड गाठायचा, सायकली एसटीच्या टपावर टाकायच्या, आन् आपण दोघी खिडकीत!"

धुरपताबाईनं टाळी वाजवली. पीठ उडालं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलं. भाकरीसंगं ठेचा घ्यायचा का शेंगदाण्याची चटणी, इथपर्यंत बेत गेला. मग तिचं लक्ष नदीच्या टोकाकडं गेलं.

"हितं काय काढायलीस गं?"

"गंगेचा काठ... तुमचं माहेर."

झालं, हसू गेलं. तिच्या भावानं, लिंबाजीनं, लेकीच्या लग्नात आहेर देताना बहिणीचं नाव सगळ्यांच्या मागून पुकारलं, आणि धुरपताबाई भरल्या ताटावरून उठून आली होती. तेव्हापासून पंचमीला माहेरचा मुराळी न्यायला आला नाही. न्यायला कुणी आल्याबिगर बाईनं माहेराला जायचं नाही, ही रीत. भाऊ हट्टी, बहीण त्याच्या वरताण.

"तरीच म्हणलं, सुनेला एवढा उमाळा कशाचा! बिगर मुराळ्याची म्या जायची न्हाई." ती आत निघाली.

निकितानं खुंटीवरची सासऱ्याची टोपी ओढली, डोक्यावर घातली आणि दारात आडवी उभी राहिली.

"मुराळी आलाय. पाणीबिणी इचारा की!"

बाजेवर पडलेले सासरे, बन्सीधर, उठून बसले. "आगं, मुराळी माहेरचा असतो. सासरचा मुराळी कुणी बघितलाय का?"

"आता बघतील की. सायकलवर."

धुरपताबाई सुनेकडं बघतच राहिली. टोपी पार कानावर आलेली. तिनं पदर तोंडाला लावला, खुदखुदली, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. मग खाली बसली, कोळसा उचलला आणि नदीच्या टोकाशी एक चिंच काढली. चिंचेमागं घर काढलं.

"जाऊ," ती म्हणाली. "पर ध्यानात ठिव. दारात गेल्यावर लिंबाजीला हाक म्या मारणार न्हाई."

"मग?"

"नुस्ती घंटी वाजवीन."